चौथ्या प्रकरणात कोणी किंचाळत का नाही? : उल्वरच्या 'बर्गताट'विषयी

देवराई (धागाकर्ता)

उल्वर या नॉर्वेजियन गटाचा 'बर्गताट' हा अल्बम मी पहिली काही वर्षे जवळजवळ उलटा ऐकला. त्यातली पाच गाणी म्हणजे एका कथेची पाच प्रकरणे आहेत, पण वसतिगृहातल्या मित्राने पेनड्राइव्हवर दिलेल्या पाच फायलींच्या नावांत क्रमांक नव्हते, आणि माझ्या स्वस्तातल्या प्लेयरने त्या रोमन वर्णानुक्रमाने लावून टाकल्या. नावांच्या पहिल्या अक्षरांच्या बी, ई, जी, आय, एस या क्रमामुळे पाचवे प्रकरण सर्वांत आधी, त्यामागोमाग चौथे, मग तिसरे, आणि त्यानंतर पहिले व दुसरे असे ते वाजत असे. म्हणजे डोंगराच्या पोटात नाहीशी झालेली मुलगी आधी बाहेर यायची, तिला भुलवणारा आवाज मागाहून ऐकू यायचा, मग ती रानात वाट चुकायची आणि सर्वांत शेवटी सूर्य टेकड्यांआड जायचा. भाषेचा गंध नसल्यामुळे यात काही बिघडले आहे अशी शंकाही मला आली नाही. सूर्यास्ताने शेवट करणारे हे लोक किती रसिक आहेत, असेच मी कित्येक वर्षे सर्वांना सांगत फिरलो.

योग्य क्रम कळल्यावर मात्र हा अल्बम मला पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागला, आणि तेव्हा जे लक्षात आले ते येथे मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देतो. 'उल्वर' म्हणजे लांडगे. ऑस्लोच्या या गटाचा हा पहिला पूर्ण अल्बम १९९४च्या अखेरीस ध्वनिमुद्रित झाला आणि १९९५मध्ये 'हेड नॉट फाउंड' या छोट्या नॉर्वेजियन कंपनीने प्रसिद्ध केला. अल्बमच्या नावाखाली 'पाच प्रकरणांतील एक परीकथा' असे उपशीर्षक आहे आणि गाण्यांना खरोखरच प्रकरण पहिले, प्रकरण दुसरे असे क्रमांक दिलेले आहेत. एकूण लांबी जेमतेम ३४ मिनिटांची आहे. गायक क्रिस्तोफर रिग, जो तेव्हा 'गार्म' या नावाने ओळखला जाई, तो ध्वनिमुद्रणाच्या वेळी अवघा १८ वर्षांचा होता. 'बर्गताट' या शब्दाचा सरळ अर्थ 'डोंगराने नेलेला' किंवा 'नेलेली' असा आहे, आणि कथाही तेवढीच आहे: एक तरुणी सांजवेळी रानात वाट चुकते, भूमीखाली राहणाऱ्या अदृश्य लोकांच्या नजरेस पडते, एक आवाज तिला बोलावतो आणि ती डोंगराच्या आतील दालनांत जाते. आपल्याकडे चकवा लागणे आणि साती आसरांनी पाण्यात ओढून नेणे या दोन समजुती एकत्र केल्या, तर या कथेच्या पुष्कळ जवळ पोहोचता येते.

आता मुद्द्याकडे येतो. उल्वरचा हा अल्बम ज्या संगीतप्रकारात मोडतो त्या ब्लॅक मेटलमध्ये, म्हणजे किंकाळ्या आणि कर्कश गिटारींच्या मेटलमध्ये, 'वातावरण' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कीबोर्डचे धुके सोडले, गिटार दूरच्या गुहेत वाजल्यासारखी ध्वनिमुद्रित केली आणि मुखपृष्ठावर बर्फाळ झाडी छापली की वातावरण झाले, असा समज आहे. या अल्बममध्ये कीबोर्डचे धुके जवळपास नाहीच. येथे आहे ती साधी अकूस्टिक गिटार, थोडी बासरी, एका ठिकाणी पियानो, विजेच्या गिटारींची ती नेहमीची करवत, आणि एकाच माणसाच्या गळ्यातून निघणारे दोन अगदी वेगळे आवाज. एक आवाज किंकाळीचा, तर दुसरा चर्चमधील भिक्षूंनी एकत्र म्हटलेल्या स्तोत्रासारखा, स्वतःवरच थरावर थर चढवून तयार केलेला. त्या काळातील बहुतेक गट किंकाळीवरच सगळी भिस्त ठेवत असताना या १८ वर्षांच्या मुलाने पहिल्या प्रकरणाची सूत्रे दुसऱ्या आवाजाकडे दिली. त्यामुळे सुरुवात कोणीतरी शांतपणे गोष्ट सांगायला बसल्यासारखी होते. ढोलही येथे धावत नाहीत, चालतात. संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाच्या चालीने ते चालतात.

दुसऱ्या प्रकरणाचे नाव 'सूर्य टेकड्यांआड उतरतो' असे आहे. बासरी आणि अकूस्टिक गिटार यांचा एक तुकडा वाजतो, उजेड कमी होत आहे हे शब्दांवाचून कळते, आणि मग कोणतीही पूर्वसूचना न देता सगळी वाद्ये एकदम अंगावर येतात. पहिल्यांदा ऐकताना हा आघात भीतीदायक वाटतो, आणि नवा श्रोता अशी समजूत करून घेतो की कर्कश भाग म्हणजे संकट आणि मृदू भाग म्हणजे विसावा. माझीही कित्येक वर्षे हीच समजूत होती, आणि त्यात माझ्या उलट्या क्रमाने भरच घातली होती.

ही समजूत तिसऱ्या प्रकरणात पहिल्यांदा डळमळीत होते. तेथे गाण्याच्या ऐन मध्यावर सगळा गदारोळ थांबतो आणि कोणीतरी रानातून धावत असल्याचा आवाज येतो. पायाखाली काहीतरी मोडत आहे, कोणी घाईने पुढे सरकत आहे, आणि या सगळ्यावर 'आर्क्टुरस' या गटाच्या स्वेर्दने वाजवलेला पियानो हलकेच पडत राहतो. रात्री दिवे घालवून हेडफोनवर हा भाग ऐकणाऱ्याने एकदा तरी मागे वळून पाहिले नाही, तर मला आश्चर्य वाटेल. येथे ध्वनीची पातळी सर्वांत खाली आहे आणि भीतीची सर्वांत वर. गिटारी परत येतात तेव्हा सुटल्यासारखे वाटते, कारण त्यांच्या आवाजात निदान त्या पावलांचा आवाज बुडून जातो.

आणि मग चौथे प्रकरण येते, 'एक आवाज भुलवतो'. सुमारे चार मिनिटांच्या या तुकड्यात किंकाळी नाही, करवत नाही. केवळ गिटार आणि गोड गळा आहे. उलट्या क्रमाने ऐकताना मला हा अल्बममधील सर्वांत निरुपद्रवी तुकडा वाटत असे, झोपताना लावण्यासारखा. योग्य क्रमाने ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या मुलीचे जे काही व्हायचे ते याच चार मिनिटांत होते. तिला कोणी ओढत नाही की धमकावत नाही. तिला फक्त बोलावले जाते, आणि ज्या सुराने बोलावले जाते तो सूर इतका सुरेख आहे की आपणही गेलो असतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की या अल्बममधील कोमल भाग ही विश्रांती नव्हे. संकट तेथेच आहे. कर्कश भागात त्या मुलीची धडपड ऐकू येते, म्हणजे ती अजून आपल्यात आहे. ती शांत होते तेव्हा ती गेलेली असते.

पाचव्या प्रकरणात दोन्ही आवाज आलटून पालटून येतात, आणि आता त्यांतला कोणता तिचा आणि कोणता डोंगराचा हे मला अजून ठरवता आलेले नाही. जाणकारांनी आपली मते मांडावीत ही विनंती.

मध्यलय

देवराई, लेख आवडला. मी मेटलचा श्रोता नाही. सतार शिकतो आणि आपल्या आधीच्या एका धाग्यामुळे या वाटेला लागलो. म्हणून एका वेगळ्या बाजूने लिहितो.

या संगीतातील गिटारवादनाची जी मुख्य पद्धत आहे, एकाच स्वरावर मिजराबीने सतत खालीवर आघात करत राहण्याची, ती मला पहिल्यांदा ऐकताना अनोळखी वाटली नाही. झाल्यात, म्हणजे सतारवादनाच्या शेवटच्या जलद भागात, चिकारीच्या तारांवर आपण जे करतो त्याच्याशी तिचे नाते आहे. आघात एका मर्यादेपलीकडे जलद झाले की कान ते मोजणे सोडून देतो आणि त्यांचा एक अखंड पडदा तयार होतो, त्या पडद्याखालून मूळ सुरावट मात्र अगदी सावकाश सरकत असते. ज्यांना हे संगीत 'नुसते वेगवान' वाटते त्यांनी एक प्रयोग करावा. ढोलांकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त गिटारीचा आधारस्वर केव्हा बदलतो तेवढ्यावर मांडीवर टाळी द्यावी. टाळ्यांमधील अंतर विलंबितात शोभेल इतके मोठे निघते. वेग वरच्या थरात आहे, आतील चाल संथ आहे. माझ्या मते आपण ज्याला वातावरण म्हणता ते या दोन गतींमधील फटीत तयार होते.

फरक एवढाच की आपला झाला आलाप आणि जोड या आधीच्या भागांची पायरी चढून शेवटी येतो, श्रोत्याला हळूहळू तयार करून. येथे दुसऱ्या प्रकरणात बासरी संपली की थेट झाला. माझ्या गुरुजींनी हे ऐकले असते तर 'बढत (टप्प्याटप्प्याने फुलवणे) कुठे आहे?' असा प्रश्न विचारला असता. परंतु आपला लेख वाचल्यावर असे वाटते की बढत आहे, फक्त ती एका गाण्यात नसून पाच प्रकरणांवर पसरलेली आहे, आणि तिची दिशा द्रुताकडून शांततेकडे, म्हणजे आपल्या उलट आहे.

खडूस श्रोता

सर्वांच्या उत्साहावर पाणी टाकण्याची माझी इच्छा नाही, पण दोन गोष्टी नमूद करणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट ही की मेटलमध्ये अकूस्टिक तुकडे घालणे हा काही उल्वरचा शोध नव्हे. सॅटिरिकॉन या नॉर्वेच्याच गटाचा पहिला अल्बम १९९४मध्येच आला आणि त्यातही मध्ययुगीन धाटणीची अकूस्टिक गिटार पुरेशी आहे. त्याहून मागे जायचे तर स्वीडनच्या बाथरी या गटाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस समूहगायन आणि संथ, भव्य चाली या शैलीत आणल्या होत्या. कठोर आणि कोमल यांची आलटापालट हा जुना हुकमी एक्का आहे.

दुसरी गोष्ट ही की आपण कथा वाचून घेतली आणि मग ती संगीतात ऐकू येऊ लागली. आपल्याच कबुलीनुसार कित्येक वर्षे आपण अल्बम उलटा ऐकला आणि तेव्हाही तो आपल्याला परिपूर्ण वाटला. मग क्रमाला इतके महत्त्व कसे? भाषा येत नसलेल्या श्रोत्याला चौथे प्रकरण अंगाईसारखे वाटते, हे आपणच लिहिले आहे. अंगाई वाटणाऱ्या गोष्टीला संकट म्हणायचे असेल तर पुरावा संगीतात दाखवावा लागेल, गीतांच्या अनुवादात नव्हे.

माझी स्वतःची आवड विचाराल तर याच गटाचा १९९७चा तिसरा अल्बम, 'नात्तेन्स माद्रिगाल', मला अधिक प्रामाणिक वाटतो. तेथे लाडीगोडी नाही. पहिल्या क्षणापासून करवत. तो जंगलात नेऊन ध्वनिमुद्रित केला आणि कंपनीने दिलेले पैसे सूट आणि मोटारीवर उडवले, अशी दंतकथा पसरली होती. गटाने ती नंतर नाकारली, तरी तो ऐकताना कोणाचाही तिच्यावर विश्वास बसेल.

ओस्लोकर

मी नऊ वर्षांपासून नॉर्वेत राहतो, त्यामुळे भाषेविषयी थोडे सांगू शकेन. त्यातून कदाचित खडूस श्रोता यांच्या दुसऱ्या आक्षेपालाही थोडे उत्तर मिळेल.

या अल्बमची भाषा आजची नॉर्वेजियन नाही. सुमारे चारशे वर्षे नॉर्वे डेन्मार्कच्या राजवटीखाली होता. ती राजवट १८१४मध्ये संपली, परंतु लिहिण्याची भाषा त्यानंतरही बराच काळ डॅनिशच राहिली. अल्बममधील शब्दांची लेखनपद्धती त्या जुन्या डॅनिश वळणाची आहे. उदाहरणार्थ, 'मागे' या अर्थाचा शब्द आज येथे 'बाक' असा लिहितात, तर अल्बममध्ये तो 'बाग' असा आहे. 'प्रकरण' हा शब्द आज 'के' अक्षराने सुरू होतो, तेथे तो 'सी'ने सुरू होतो. डोक्यावर वर्तुळ असलेला 'ए', जो नॉर्वेत १९१७पासून अधिकृत झाला, तो या शीर्षकांत कोठेच नाही. त्याजागी जुन्या पद्धतीने 'ए' दोनदा लिहिलेला आहे. माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याला मी शीर्षके दाखवली तेव्हा तो म्हणाला की हे आजोबांच्या कपाटातील पोथीसारखे दिसते. आपल्याकडे एखाद्या तरुण रॉक गटाने बखरीच्या मराठीत गाणी लिहावीत, तसा हा प्रकार आहे. भाषा न कळणाऱ्याला हे ऐकू येणार नाही हे मान्य, पण येथल्या श्रोत्यासाठी पहिल्या ओळीपासूनच 'हे फार पूर्वी घडले' असे वातावरण तयार होते.

आता कथेविषयी. डोंगराने माणसे नेण्याच्या गोष्टी येथे अतिशय जुन्या आहेत आणि त्यांच्यामागे एक ठोस जीवनपद्धती आहे. उन्हाळ्यात गुरे उंच डोंगरावरील कुरणांवर नेत. तेथील लाकडी खोपट्याला 'सेटर' म्हणतात, आणि तेथे राहून दूध काढण्याचे, लोणी आणि चीज करण्याचे काम मुख्यतः तरुण मुलींकडे असे. आठवडेच्या आठवडे त्या मुली जवळजवळ एकट्या राहत. एखादी गुरामागे गेली आणि परत आली नाही, तर खाली गावात काय सांगायचे? डोंगराने नेली, असे सांगत. भूमीखालच्या त्या लोकांना 'हुल्द्रेफोल्क' म्हणतात. ते कुरूप राक्षस नसतात. त्यांचीही घरे असतात, गुरे असतात, आणि हुल्द्रा ही त्यांची स्त्री तर अतिशय देखणी असते, फक्त तिला गाईचे शेपूट असते. म्हणजे धागाकर्त्यांनी जे लिहिले आहे, की धोका सौंदर्यात आहे, ते या लोककथांचे मूळच आहे. येथील मुलांना ते आजीच्या मांडीवरच कळलेले असते.

आणखी एक गोष्ट. डोंगराने नेलेल्या माणसाला परत आणण्याचा उपाय म्हणजे चर्चची घंटा वाजवणे. कथांमध्ये गावकरी घंटा वाजवत राहतात आणि घंटेचा आवाज पोहोचला तर डोंगराची पकड सुटते. परत आलेला माणूस मात्र पुष्कळदा पूर्वीसारखा राहत नाही. बसल्या जागी हरवल्यासारखा असतो. धागाकर्त्यांनी अल्बम उलटा ऐकला म्हणजे नकळत त्या मुलीला बाहेर काढले, एवढेच मी म्हणेन.

सांजपर्व

सर्वांचे प्रतिसाद वाचून काल रात्री स्वयंपाकघर आवरताना हा अल्बम फोनवर लावला. पहिले प्रकरण खरोखर आवडले. दुसऱ्या प्रकरणात किंकाळी आली तेव्हा सासूबाई आतून धावत आल्या आणि 'कोणाला चटका बसला का?' असे विचारू लागल्या. त्यांना अल्बमची कथा सांगितली. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, 'मग तिने मागे वळून बघायला नको होतं.' त्यांच्या माहेरी कोकणात सांजवेळी कोणी नावाने हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये असे सांगत, आणि त्या अजूनही पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, हे मी पाहिलेले आहे.

माझा प्रश्न असा आहे की किंकाळी अजिबात सोसत नसेल तर या गटाचे दुसरे काही ऐकता येईल का?

कातळ

सांजपर्व, आपल्यासाठी याच गटाचा दुसरा अल्बम आहे, १९९६चा 'क्वेल्डस्सांगर', म्हणजे सांजगीते. त्यात विजेची गिटार आणि किंकाळी यांपैकी काहीही नाही. मुख्यतः अकूस्टिक गिटार, चेलो आणि गार्मचे ते थरांचे गायन आहे. रात्री भांडी आवरताना ऐकण्यास अगदी योग्य, आणि सासूबाईंचीही झोपमोड होणार नाही. पुढे १९९८पासून या गटाने मेटल जवळपास सोडूनच दिले आणि ते इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळले, तो भाग वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

एक गोष्ट मात्र येथे कोणीतरी लिहावी असे वाटत होते, म्हणून मीच लिहितो. हा अल्बम ज्या वर्षी ध्वनिमुद्रित झाला त्याच वर्षाच्या मे महिन्यात या संगीताच्या वर्तुळातील एकाला खून आणि चर्च जाळण्याच्या गुन्ह्यांसाठी २१ वर्षांची, म्हणजे तेथील कमाल शिक्षा झाली होती. बर्गनजवळील फान्टोफ्टचे मध्ययुगीन लाकडी चर्च १९९२मध्ये जळाले होते. ओस्लोकर यांनी चर्चच्या घंटेविषयी लिहिले तेव्हा हे आठवल्यावाचून राहिले नाही. भोवती हे सगळे चालू असताना काही अठरा-वीस वर्षांच्या मुलांनी परीकथा सांगण्याचे ठरवले, आणि त्या कथेत सैतान, रक्त, युद्ध यांपैकी काही आणले नाही, ही निवड मला संगीताइतकीच महत्त्वाची वाटते.

देवराई (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. ओस्लोकर यांचा प्रतिसाद हाच खरे तर मूळ लेख असायला हवा होता.

खडूस श्रोता यांनी पुरावा संगीतात मागितला आहे आणि ती मागणी रास्त आहे. आज सकाळी चौथे प्रकरण चार वेळा ऐकून मी लिहीत आहे. पहिल्या प्रकरणात जो थरांचा, भिक्षूंसारखा गळा गोष्ट सांगत होता, साधारण त्याच जातीचा गळा येथे परत येतो. मात्र तेव्हा त्याच्या मागे ढोलांची चाल होती, म्हणजे पायाखाली जमीन होती. येथे ती जमीन काढून घेतली आहे. गिटारीचे स्वर सुटे सुटे टपकतात आणि गळा अधांतरी राहतो. गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज आणि भुलवणाऱ्याचा आवाज एकच असावा ही शंका मला या साम्यामुळे येते, आणि ती शंका भाषेवाचूनही घेता येते. अर्थात तीन प्रकरणे आधी ऐकलेली असली पाहिजेत. माझ्या उलट्या क्रमात गोष्ट सांगणारा भेटण्यापूर्वीच भुलवणारा भेटत होता, म्हणून साम्य कळण्याचा प्रश्नच नव्हता. क्रमाचे महत्त्व मला एवढ्यासाठीच वाटते.

सॅटिरिकॉन आणि बाथरी यांच्याविषयीचे आपले म्हणणे मान्य आहे. पहिलेपणाचा दावा मी केलेला नाही आणि करणारही नाही. अकूस्टिक तुकडा अनेकांनी वापरला. बहुतेकांनी तो दोन गाण्यांमध्ये दाराच्या पडद्यासारखा टांगला. येथे कथेचा सर्वांत निर्णायक प्रसंग त्या तुकड्याच्या स्वाधीन केला आहे, एवढाच फरक मी दाखवू पाहतो.

मध्यलय, 'शांततेकडे जाणारी बढत' हा शब्दप्रयोग मी उसना घेत आहे.

ओस्लोकर

एक पुरवणी जोडतो. 'बर्गताट' हा शब्द येथे आजही रोजच्या वापरात आहे, पण भुताखेतांच्या अर्थाने नाही. एखादे नाटक किंवा गायन ऐकून श्रोते भारावून गेले तर वर्तमानपत्रात 'प्रेक्षक बर्गताट झाले' असे छापून येते. आपल्याकडे 'झपाटणे' या शब्दाचे जे झाले तेच. भूत गेले आणि 'झपाटून अभ्यास केला' एवढे उरले.

मध्यलय

मग श्रोत्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू होतात, हे गटाला नक्कीच ठाऊक असणार. शीर्षक निवडताना कोणी इतका भोळा नसतो.

खडूस श्रोता

धागाकर्त्यांच्या सांगण्यावरून काल रात्री दिवे घालवून, मध्ये न थांबता, योग्य क्रमाने ऐकला. चौथ्या प्रकरणाविषयी आपले म्हणणे पूर्णपणे पटले असे मी म्हणणार नाही. गोष्ट सांगणारा आणि भुलवणारा एकच, ही कल्पना आकर्षक आहे, पण गटात गाणारा माणूसच एक असल्यावर आवाज सारखा येणारच. त्यातून किती अर्थ काढायचा याला मर्यादा आहे. पाहुण्या गायिकेचा, लिल कात्रीने स्टेन्स्रुद यांचा स्वर अल्बमवर आहे, तोच भुलवण्यासाठी अधिक वापरला असता तर कथा आणखी स्पष्ट झाली असती, असे माझे मत आहे. तिसऱ्या अल्बमवरील माझे प्रेमही कायम आहे.

तिसऱ्या प्रकरणातील पावलांविषयी मात्र मी माघार घेतो. हा अल्बम मी यापूर्वी किमान तीस वेळा ऐकला असेल, पण नेहमी प्रवासात, गाडीच्या खडखडाटात, आणि तो भाग मला केवळ पियानोचा तुकडा म्हणून आठवत होता. काल पावले पहिल्यांदा नीट ऐकू आली. मी हेडफोन काढला आणि आवाज माझ्याच जिन्यातून येत नाही ना याची खात्री करून घेतली. जिन्यात मांजर होते.